आमच्याकडे किती वेळा आलात?

हॅलो?… हो, बोल ताई. कॉलेजातच आहे… आवाजाला काय झालंय?… बरं बाई, झालंय. सांगते, पण मध्ये बोलू नकोस.

अगं, माझा तो द्वेषावरचा वर्ग… हो, तोच, 'दुसरे विषय संपले का' म्हणाली होतीस तो! परवा मी मुलांना तुरुंगातल्या एकाची मीच घेतलेली मुलाखत ऐकवली… छे, नाव कसं सांगेन? आवाजसुद्धा बदललेला. शेजारच्या शिंप्याचं दुकान जाळलं त्यानं. का, तर कोणीतरी कानात भरलं, हे लोक आपल्याला इथून हुसकावणार. वीस वर्षं त्याच शिंप्याकडे कपडे शिवलेले!

हो ना… तेच तर शिकवते मी. आधी 'ते लोक' होतात, मग शेजारी दिसेनासा… अगं ऐक ना.

एक मुलगी उठली. कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, "मॅडम, तो शिंपी म्हणजे माझे बाबा."

…हॅलो? आहेस ना?

…अगं, मुलाखतीत तो सांगतो, त्यानं काडी लावायच्या आधी दारातली लोखंडी खुर्ची उचलून बाजूला ठेवली होती. रोज तिच्यावर बसून गप्पा मारायचा ना. त्यावरून ओळखलं तिनं… नाही, रडली नाही. रडली असती तर परवडलं असतं. विचारलं, "त्याच्याकडे किती वेळा गेलात?" म्हटलं, अकरा. "आणि आमच्याकडे?"

…एकदाही नाही गं. सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय.

गेले ना. काल संध्याकाळी. एकच खोली, खिडकीशी मशीन. बाबा शाळेच्या गणवेशाला काजं करत होते. मला वाटलं, चिडतील… नाही गं. हातातलं काज पुरं केलं. मग म्हणाले, "त्याचा मुलगा रस्त्यात दिसतो. आठ वर्षांचा. तो पडावा, त्याला लागावं, असं येतं माझ्या मनात. मी असा नव्हतो."

…हो.

…आणि विचारलं, "हे काढायचं कसं, ते तुमच्या पुस्तकात आहे का?"

खरं तेच सांगितलं. नाही म्हटलं. कारणं आहेत, एवढंच.

नाही गं, निघा म्हणाले नाहीत. हसले जरासे. म्हणाले, "मग मलाच सांगू दे तुमच्या मुलांना." आज येतायत वर्गात… अगं, लेकीला विचारूनच! ती म्हणाली, बाबांना मध्ये तोडायचं नाही, आणि शेवटी काही समजावून सांगायचं नाही. मला बजावलंय तिनं… मला, हो!

…सगळ्यांसमोर रडले तर? रडतील, ताई. थांबू आम्ही.

…मला? भीती वाटतेय तर. नोकरीच्या पहिल्या दिवशी वाटली नव्हती एवढी. अठरा वर्षं शिकवतेय मी…

थांब, दार वाजतंय… या ना, या! आत या!

ताई, ठेवते. आले ते.