रविवारी जोडलेले हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, जुन्नरचे कागदाचे व्यापारी आणि या शाळेचे जुने हितचिंतक बदरुद्दीनशेठ. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती चांगदेव गुरुजी. व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी. बोरी बुद्रुकचे समस्त ग्रामस्थ. पलीकडे बसलेल्या माझ्या मायबहिणी. आणि पुढे सतरंजीवर बसलेली, माझं भाषण कधी संपतंय याची वाट बघणारी बाळगोपाळ मंडळी, तुम्हा सगळ्यांना सावळारामचा रामराम.

मी महाळुंगे पडवळचा. म्हणजे परतालुक्यातला. मग या गावच्या गुरुजींच्या निरोपाला मी का बोलावं? शिवाय मी किती बोलतो हे आमच्या मंडळींना, चिमाबाईंना विचारा. त्या म्हणतात, "तुमच्या तोंडाला देवानं कडीच लावली न्हाई." आणि असा माणूस मौनावर बोलायला उभा! पण मला सांगायचं आहे ते या गावातच सांगायला हवं.

आधी एक गंमत. सगळ्यांना सवड म्हणून कमिटीने समारंभाला रविवार धरला. पत्रिका छापून झाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं, की रविवारी गुरुजींचं मौन! आता सत्काराला उत्तर कोण देणार? गुरुजी हसतायत बघा. बोलत नाहीत, पण हसायला बंदी नाही.

गुरुजी सांगत, ऋषीमुनींनी वाणीचं तप सांगितलंय. आठवडाभर पोरांपुढे जीभ चालते, तेव्हा रविवारी शाळेला सुट्टी तशी तिलाही द्यावी. पहाटे आसन घालायचं, श्वासाकडे लक्ष ठेवायचं, आणि सोमवारच्या प्रार्थनेपर्यंत शब्द काढायचा नाही. एका रविवारी पायाला विंचू डसला, तेव्हा शेजारच्या ठकूबाईंना म्हणे बोटाची नांगी करून दाखवली, पण 'आई गं' म्हणाले नाहीत! आपले बदरुद्दीनशेठ म्हणतात, "आमी रमजानात पोटाचा रोजा धरतो, गुरुजी रविवारी जिभेचा धरतात." यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

आता माझी गोष्ट. सात वर्षांमागे माघ महिन्यात, आमच्या मुलासाठी, भागूसाठी, मुलगी पाहायला मी या गावात आलो. कुंडलिकरावांची साळू. मुलगी पसंत पडली, घर पसंत पडलं. पण आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सुपारी फोडण्याआधी गावातल्या एखाद्या भल्या माणसाला बाजूला घेऊन मुलीची चौकशी करायची. त्यातही भला माणूस वाईट बोलत नाही. सांगण्याजोगं नसलं, तर नुसते हात जोडतो. आपण काय ते समजायचं आणि बैल जुंपायचे.

मी गुरुजींकडे गेलो. मुलगी त्यांच्या हाताखाली चौथी शिकलेली, त्यांच्याइतकं कोण ओळखणार? गुरुजी ओट्यावर आसन घालून बसले होते. मी विचारलं, "गुरुजी, कुंडलिकरावांची पोरगी कशी हाय?"

गुरुजींनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि हात जोडले.

रविवार होता हो! गावात शेंबड्या पोराला माहीत, की त्याचा अर्थ 'उद्या या'. मी परका. दुसऱ्या कुणाला विचारावं, एवढीसुद्धा बुद्धी झाली नाही. कुंडलिकरावांकडे चहा ठेवला होता, तो न घेताच मी गाडी जुंपली, आणि शनिवारी निरोप धाडला, की सोयरीक जमत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण कडी नसलेलं तोंड! मंचरच्या बाजारात चार जणांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "खुद्द मास्तरांनी हात जोडले, राव. आता काय समजायचं ते समजा." चार जणांनी काय समजायचं ते समजलं. निरोपाच्या आधी ते बोलणं नदी ओलांडून इथे पोचलं. साळूच्या आईला पाणवठ्यावर बायका विचारू लागल्या.

दुसऱ्या रविवारी साळू एकटी गुरुजींच्या ओट्यापाशी गेली. म्हणाली, "गुरुजी, तुमी मला चार वर्सं शिकवलं. माज्यात काय वाईट दिसलं, तेवढं सांगा. मंग मी कुणाला काई इचारणार न्हाई."

चौदा वर्षांचं व्रत, मंडळी. गुरुजी उठले, पायांत वहाणा घातल्या आणि चालू लागले. वाटेत एसटी मिळाली तेवढी एसटीने, बाकी सगळं पायी. दिवस मावळायच्या आत माझ्या दारात उभे. अंगावर धूळ, ओठ सुकलेले. चिमाबाईंनी पाणी पुढे केलं, ते घेण्याआधी बोलले:

"सावळाराम, मुलगी गुणाची आहे. गप्प मी बसलो आणि बोल तिला लागला."

मी म्हणालो, "गुरुजी, माज्यापायी तुमचं व्रत मोडलं की वो!"

ते म्हणाले, "व्रत मागच्याच रविवारी मोडलं. तुम्ही विचारत होता तेव्हा माझ्या मनात एकच गलका चालला होता, माझं मौन, माझं मौन. मौन धरायचं ते आतली बडबड थांबावी आणि समोरच्याचं नीट ऐकू यावं म्हणून. तुमच्या चेहऱ्यावर एका मुलीचा जन्म तोलला जात होता, ते मला दिसलं नाही. तोंडाबरोबर कानही मिटले, ते कसलं मौन?"

मोठी पुस्तकं मला वाचता येत नाहीत. योग म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी माझ्याच उंबऱ्यावर कळलं.

चैत्रात लग्न झालं. साळुबाई आज माझी सून आहे, दोन नातवंडं आहेत, आणि घरात माझ्यापेक्षा तिच्या शब्दाला मान आहे. तिथे त्या पलीकडे बसली आहे. सूनबाई, मान खाली घालू नकोस. आज मान खाली घालायची पाळी माझी आहे.

कारण एक गोष्ट मी सात वर्षं दडवली. गुरुजींनी तेव्हा सगळा दोष स्वतःकडे घेतला, आणि मी तो घेऊ दिला. लोक अजून म्हणतात, गुरुजींच्या मौनाने घोटाळा झाला. नाही मंडळी! गुरुजी एक दिवस बोलले नाहीत. मी आठवडाभर बोललो. बाजारात तिच्या नावाला बट्टा मी लावला. हे कुंडलिकरावांनाही मी कधी सांगितलं नाही. एवढं बोलणारा मी, नेमकं तेच बोललो नाही. गुरुजी उद्या नाशिकला पुतण्याकडे राहायला जातील. तो दोष त्यांच्या बोचक्यात बांधून जाऊ नये, म्हणून आज माणसांत सांगतो.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. शेवटी वक्ते म्हणतात, अधिकउणं बोलणं झालं असेल तर पोटात घाला. मीही तेच म्हणतो, पण आजच्या भाषणापुरतं नाही. सात वर्षांमागच्या बाजारातलं ते बोलणंही पोटात घाला. कुंडलिकराव, तुम्ही घाला. सूनबाई, तू घाल. गुरुजी...

बघा मंडळी, गुरुजींनी हसून हात जोडले. आज रविवार आहे, आणि या वेळी मला अर्थ कळला.

रामराम.