धूळ नव्हती, पीठ होतं

दोष माझ्या बाबांचा. लिहा तसंच, ताई. मालकाचं नंतर बघू, तो गारगोटीची गिरणी विकून मोकळा झाला — पण खिडक्या कोण बंद करायचं? आमचे बाबा. मुकादम होते ना! हळू कशाला बोलू? आतच पडलेत, ऐकू दे की त्यांना.

तुमच्या आधी एक साहेब येऊन गेले, तुमच्यासारखेच — त्या काळी कोण किती धुळीत होतं याचा अंदाज बांधायला. त्यांनी विचारलं, ‘काका, धूळ असायची का?’ बाबा म्हणाले, ‘छे! माझ्या पाळीत धूळ? रोज झाडून घ्यायचो!’ आणि खोटं नाही बोलले हो, तेच तर — आमच्याकडे धूळ म्हणजे जमिनीवरची, चपलांबरोबर आलेली. गारगोटी दळून जे निघायचं ते पीठ. माल! समोरचा माणूस खोकल्यावरून ओळखायचा, इतकं हवेत — पण धूळ? नव्हती. वाऱ्यानं माल उडतो म्हणून खिडक्या बंद. तोंडाला फडकं बांधलं की बाबा ओरडणार, ‘काय रे, दरोडा घालायचाय का?’ सगळे हसायचे. मीही हसायचो. — हो, मीही होतो तिथे. कॉलेज सोडलं तर म्हणाले, ‘बरं झालं, ये माझ्या पाळीत.’ आणि पोराला जागा कुठली दिली? जिथून पीठ पोत्यात पडतं तिथली. बसून काम, म्हणे. स्वतः दारात, स्टूल टाकून, मोकळ्या हवेत.

आता साहेबांच्या अंदाजात आमची अख्खी पाळी बिनधुळीची. मग छाती कशानं गेली? सिगारेटींनी, म्हणे. मी ओढत नाही. — तो अंदाज बदलता येईल ना तुम्हाला? बाबांच्या तोंडूनच हवं? मग उठवा त्यांना. पण धूळ म्हणू नका, विचारा, ‘काका, पीठ उडायचं का?’ काल मी विचारलं. कसे खुलले! ‘उडायचं? अरे, भर दुपारी दिवे लावायचो आम्ही!’ कौतुकानं सांगत होते. कौतुकानं!

तो खिडकीतला एक्स-रे? बाबांचा नाही. बाबांना काहीही झालेलं नाही. माझा आहे.

जा, विचारा त्यांना, आणि निघा. जिना उतरून सोडायला येत नाही. खाली उतरलो की मला परत वर येता येत नाही.