हत्तीबंदूक आणि सासरेबुवा

...नाही, मला एवढंच सांगा, सासऱ्यांना आवडेल म्हणून माणूस एखादी वस्तू घरी आणतो, तर माझं चुकलं काय? सांगा ना! बरं, वस्तू म्हणजे काही ऐरीगैरी नाही, खास फिनलंडची, त्यांच्या देशाची, सात फूट लांब, शंभर पौंडांच्या वर वजन, खाली दोन लाकडी पाय आणि त्या पायांना, तुम्हाला सांगतो, बर्फावर घसरायच्या फळ्या! बंदुकीला! रणगाडा फोडायची बंदूक हो, मागच्या महायुद्धातली, हत्तीबंदूक म्हणायचे तिला. काडतूस एवढं... हे बघा, माझ्या मनगटाएवढं. आता अशी वस्तू बघून कुठल्याही फिनिश म्हाताऱ्याचा ऊर भरून यायला नको का?

तर आमच्या सासरेबुवांचा नाही आला.

आमचे सासरे म्हणजे तोइवो. वय शहात्तर. लढाई संपल्यावर बायको आणि कडेवर पोर घेऊन इथं अमेरिकेत, वरच्या मिशिगनात आले, लोखंडाच्या खाणीत राबले, त्या कडेवरच्या पोरीशी, म्हणजे लेंपीशी, माझं लग्न झालं त्याला आता सव्वीस वर्षं झाली. मी वॉल्टर ट्रेंबथ. त्याच खाणीत यंत्रं दुरुस्त करायचो, आता रिटायर. सव्वीस वर्षांत सासरेबुवा माझ्याशी किती बोलले असतील? दर शनिवारी आमच्याकडे वाफेच्या स्नानाला येतात, कढत दगडांवर पाणी ओततात, तासभर शेजारी शेजारी उघडेबंब घाम गाळत बसतो आम्ही, आणि शेवटी ते म्हणतात, "बरं." झालं! संपला संवाद! वर लेंपी मला म्हणते, "बाबांना तू आवडतोस हं." अगं, कशावरून?

म्हणून मी म्हटलं, एक काहीतरी असं आणू की म्हातारा बोलला पाहिजे. मला नाद जुन्या बंदुकांचा. बावीस आहेत माझ्याकडे, सगळ्या लष्करातून निवृत्त झालेल्या, माझ्यासारख्या. तेल लावून, पुसून, प्रत्येकीला तिच्या तिच्या गवसणीत. लेंपी म्हणते, "माझे कोट खुंटीवर आणि तुझ्या बायका कपाटात!" असो. तर विस्कॉन्सिनात एक दातांचे डॉक्टर वारले, त्यांच्या बायकोनं ही हत्तीबंदूक विकायला काढली, सोबत जुन्या काडतुसांची एक लाकडी पेटी. मी म्हटलं, ठरलं!

पण घेणं सोपं आहे का? सरकारी अर्ज! दोन प्रती! फोटो, दहा बोटांचे ठसे, आणि वर शेरीफची, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाची, सही. शेरीफ आमचा लहानपणापासूनचा ओळखीचा, पण टेबलापलीकडे बसला की असा आवाज काढतो, "वॉल्टर... इथं विचारलंय, हे शस्त्र कशाकरता हवं? काय लिहू?" मी आपला सरळ माणूस, म्हटलं, "सासऱ्यांकरता." त्यानं पेन खाली ठेवलं. मला आत बसवून कॉफी पाजली, घरी सगळं ठीक आहे ना विचारलं, तासभर सोडलं नाही! आता यात माझं चुकलं काय?

सात महिन्यांनी परवानगी आली. आम्ही चौघांनी मिळून ती गाडीतून उतरवली, गॅरेजच्या मधोमध ठेवली, मी तिला पॉलिश केलं, त्या फळ्यांनासुद्धा मेण चोळलं. शनिवारी सासरेबुवा आले. मी दार उघडलं... दिवा लावला... बाजूला झालो.

बघत राहिले. खूप वेळ. पुढं होऊन त्या फळीवर नुसतं बोट फिरवलं, मेण लागलं ते विजारीला पुसलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ही इथं कशाला आली?"

आणि गेले स्नानाला!

म्हणजे बघा, सव्वीस वर्षांत पहिलं अख्खं वाक्य बोलले आणि तेही असं! त्या दिवशी आत दगडांवर इतकं पाणी ओतलं, इतकं ओतलं, मी उकडलेल्या बटाट्यासारखा बाहेर आलो. ते "बरं"सुद्धा म्हणाले नाहीत. लेंपी म्हणाली, "तू त्यांना विचारलं होतंस का आधी?" अगं, भेटवस्तू विचारून आणतात का? माझं चुकलं काय?

बरं, आता आणलीच आहे तर वाजवायला नको? आमचं एक जुन्या बंदुकांचं मंडळ आहे. सगळे पिकल्या केसांचे, कुणाचा गुडघा बदललाय, कुणाचं हृदय. अध्यक्ष गेलन पेंटिकॉस्ट, हातात भोंगा घेऊन फिरतो, समोरचा माणूस दोन फुटांवर असला तरी भोंग्यातून बोलतो. वर्षातून एकदा, जूनमध्ये, रविवारी चर्च सुटलं की गावाबाहेरच्या वाळूच्या जुन्या खाणीत आम्ही जमतो. मागं साठ फुटांची वाळूची भिंत, पुढं निशाणं. माझ्यासाठी गेल्या वर्षी खास एक गंजका बॉयलर उभा केला होता. चाळीस माणसं जमली, मटणाच्या करंज्या खात. आणि बघतो तर काय, सासरेबुवा! न बोलावता! घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास घेऊन माझ्या मागं येऊन बसले.

मी पालथा पडलो, दस्ता खांद्याला लावला. गेलन भोंग्यातून, "सगळ्यांनी कान झाका! वॉल्टर, तुझी इच्छा असेल तेव्हा!" मी चाप ओढला...

अहो, आवाज म्हणू नका, आकाश फाटलं! मी होतो तिथून हातभर मागं सरकलो, पालथाच! सगळी धूळ, काही दिसेना, आणि त्या धुळीतून भोंगा, "माझी कवळी! कुणी हलू नका, माझी कवळी पडलीय!" धूळ बसली तेव्हा बॉयलरला या बाजूनं मुठीएवढं भोक आणि त्या बाजूनं भोपळ्याएवढं. चाळीस माणसं टाळ्या वाजवताहेत! मी मागं वळून सासऱ्यांकडं बघितलं. ते खुर्चीतून उठून माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "कोपर आत घे."

म्हटलं, आहाहा! दोन वाक्यं झाली! अंगात असा जोर आला, कोपर आत घेतलं, दुसरं काडतूस, नेम धरला, चाप ओढला...

टक्.

एवढंच. टक्. चाळीस माणसं कान झाकून बसलेली आणि टक्! आता जुनं काडतूस आहे, पन्नास वर्षांचं, नाही पेटलं, होतं असं. आम्हा सगळ्यांना नियम पाठ आहे, टक् झालं तर हात लावायचा नाही, थांबायचं. मंडळाच्या कागदावर मीच तो छापून घेतलाय! पण लाज हो, लाज! एवढ्या लोकांसमोर! माझा हात आपोआप बंदुकीच्या कुशीतल्या दांड्याकडं गेला, तो फिरवला की मागचं उघडतं आणि काडतूस बाहेर पडतं. बोटं दांड्यावर टेकलीसुद्धा होती.

आणि माझं मनगट धरलं कुणीतरी. अशी पकड की हाड वाजलं. म्हातारा गुडघ्यांवर बसला होता माझ्या शेजारी. "सोड," म्हणाला. "अहो बाबा, ते जुनं..." "सोड! नळी तिकडंच राहू दे. मोज." मी म्हटलं, "एक... दोन... ती..."

सुटली.

आपली आपण. गोळी बॉयलरच्या वरून वाळूत गेली, अर्धी टेकडी खाली आली, कुणाला काही झालं नाही. पण मी तो दांडा फिरवला असता ना, तर ते सगळं मागं आलं असतं. माझ्या तोंडावर.

गेलननं भोंगा खाली ठेवला. सासरेबुवांनी माझं मनगट सोडलंच नव्हतं. मग म्हणाले, असं, वाळूकडं बघत, "आम्ही दोघं होतो. दोन हिवाळे ती ओढली बर्फातून. मी आणि ओलावी. असंच टक् झालं. तो माझ्याकडं बघायला लागला, काय करू म्हणून. मी म्हटलं, उघड." मग माझं मनगट सोडलं. "मी म्हटलं, म्हणून त्यानं उघडली."

मी तसाच वाळूत पडून राहिलो. त्यांनी थर्मास उघडला, झाकणात कॉफी ओतली, आधी मला दिली.

घरी जाताना गाडीत मी म्हटलं, "बाबा, मी ती विकून टाकतो." तर केवढ्यानं ओरडले! "कुणाला विकशील? त्याला मोजायला कोण सांगणार? मी जाऊ का त्याच्या घरी?" लेंपीला सगळं सांगितलं तर ती रडायलाच लागली. तिला ओलावी हे नावसुद्धा माहीत नव्हतं. आता तिच्या मेजावर त्याचा फोटो आहे. म्हाताऱ्यानं कुठल्या तरी पेटीतून काढून दिला. दोन पोरं, टोप्या डोळ्यांवर आलेल्या, आणि मध्ये ती बंदूक.

बरं, हे इथं संपायला हवं होतं की नाही? पण आमचं मंडळ! बैठक घेतली, ठराव केला आणि सासरेबुवांना केलं सुरक्षा अधिकारी! नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी! आणि म्हातारा कामाला लागला की कसा लागतो ते खाणीतल्या लोकांना विचारा. टक् झालं की पुरी दोन मिनिटं, घड्याळ लावून, चाळीस माणसांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. गेलन हलला तर त्याचा भोंगा जप्त केला!

आणि यंदाच्या जूनमध्ये, तुम्हाला सांगतो, शिट्टी वाजवून पहिला माणूस मैदानाबाहेर काढला, तो कोण? मी! का, तर कानात बोळे घालायला विसरलो. म्हटलं, "बाबा, मी जावई..." म्हणाले, "तिकडं. गाडीत बस."

बसलो. काय करता! ती हत्तीबंदूक गेलननं वाजवली, पाच वेळा, छान नेमानं, कोपर आत घेऊन. मला काही दिसत नव्हतं, टेकडी आड येत होती... पण आवाज, तुम्हाला सांगतो, गाडीच्या काचा बंद असूनही फार सुंदर येतो.