या खेपेला कॅव्हेट आलं न्हाई

(देगलूरच्या कोर्टाचं आवार. वकील अपूर्वा यांच्या टेबलासमोर मलप्पा आणि त्याची बायको महामाया.)

अपूर्वा : काका, परत सांगा. यावेळी तुमच्या भावाचं कॅव्हेट आलंच नाही?

मलप्पा : न्हाई आलं. सात वर्षं झाली, दर तीन महिन्याला अण्णाचं रजिस्टर पाकीट येतंय. आधीचं संपायच्या आठ दिवस आदीच. कधी खाडा न्हाई. ह्या खेपेला पोस्टमनला दोनदा इचारलं मी.

महामाया : दोनदा न्हाई, रोज. सोयरिकीचा निरोप यायचाय जनू.

अपूर्वा : अहो, ही तर चांगली बातमी आहे. त्या कॅव्हेटमुळे त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टाकडून आपल्याला काही मिळत नव्हतं. मागच्या कॅव्हेटचे नव्वद दिवस परवा संपले. आज अर्ज टाकला तर विहिरीच्या पाण्याचा हुकूम एकतर्फी मिळू शकतो. साहेब आज बसलेत, उद्यापासून रजेवर आहेत.

महामाया : टाका. हिरीचं रान सातबाऱ्यावर ह्यांच्या नावचं, ताबा थोरल्यांचा, अन् मोटारीच्या डब्ब्याला कुलूप बी त्यांचंच. शेजारी आमचा हरभरा वाळून राहिला. पेशीला येऊन येऊन जीव गेला माझा. कुटं सही करू?

अपूर्वा : सही काकांची लागेल.

मलप्पा : थांबा की जरा. का आलं न्हाई, ते तर बघा.

अपूर्वा : विसरले असतील.

मलप्पा : अण्णा? तो इसरनारा मानूस न्हाई. लहानपनी मी घागर फोडली होती, ती अजून काढतो भांडनात.

महामाया : हाव, अन् फोडली तुमीच होती.

मलप्पा : बाई, आतला कागद वकिलाचा असतो, पन पाकिटावरचा पत्ता अण्णा सोता लिहितो. मागच्या पाकिटावर अक्षर पार वाकडं. गावाचं नाव अर्धंच लिहून सोडलेलं. दिवाळीत लेकानं त्याला लातूरला नेलं, तवापासून काई खबर न्हाई.

अपूर्वा : गावात कुणाला तरी माहीत असेल.

मलप्पा : त्याच्या सालगड्याला इचारलं. तो म्हनतो, तुमच्यासंगं बोलायचं न्हाई असं मालकानं सांगितलंय.

अपूर्वा : मग सरळ फोन करा ना.

मलप्पा : फोन करून काय म्हनू? माझ्यावर कॅव्हेट का टाकलं न्हाईस, म्हनू?

महामाया : ह्यांचं हे असं. आजारी असंल तर त्यांचे लेकरं बघतील. आमच्या हरभऱ्याला कोन बघनार? लई वैतागले बाई मी ह्या दोगा भावांना. भांडायचं तर नीट भांडा म्हनावं.

अपूर्वा : मी पण वैतागलेय, काका. सात वर्षांत पहिल्यांदा वाट मोकळी सापडलीय. त्यांनी नवीन कॅव्हेट टाकलं की परत नोटीस, परत तारखा. हंगाम हातचा जाईल.

मलप्पा : अन् मी टाकलं तर?

अपूर्वा : काय?

मलप्पा : कॅव्हेट. अण्णावर. मग माझं बी रजिस्टर जाईल न्हवं त्याला?

अपूर्वा : जाईल, पण त्याचा उपयोग काय? उलट तुम्हीच त्यांना जागं करताय.

मलप्पा : जागा झाला तर बरंच की.

महामाया : अन् हरभरा?

मलप्पा : जाईल यंदाचा.

महामाया : मागल्या साली बी असंच म्हनले होते.

मलप्पा : हाव.

महामाया : लिहा बाई, कॅव्हेटच लिहा. लातूरचा पत्ता ह्यांना ठाव न्हाई. त्यांच्या लेकाच्या वास्तूची पत्रिका आलती. गेलो न्हाई आमी, पन पत्रिका ठेवलीय मी. ही घ्या.

अपूर्वा : काकू, तुम्ही ती कोर्टात घेऊन फिरता?

महामाया : पिशवीत राहिली असंल. पिनकोड बगा खाली हाय.

अपूर्वा : काका, नक्की ना? आज अर्ज नाही टाकायचा?

मलप्पा : आज न्हाई. बाई, ते पोचेचं कार्ड माघारी येतं न्हवं, घेनाऱ्याच्या सहीचं?

अपूर्वा : येतं. आठ-दहा दिवस लागतात.

मलप्पा : आलं की बोलवा मला. सही कुनाची हाय, तेवढं बघायचंय.