गाडीचे दार कोणी उघडले

मी, खाली सही करणारी, वय ५४ वर्षे, धंदा मोटार चालवायला शिकवणे, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, आज कोणी बोलावले नसताना पोलीस ठाण्यात येऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझा धाकटा भाऊ आणि भावजय असे राहतो. भाऊ शाळेची बस चालवतो. त्याला गाडी मीच शिकवली.

मंगळवारी सकाळी आम्ही माझ्या गाडीतून चष्म्याच्या दुकानाकडे आलो. गाडी भाऊ चालवत होता, मी शेजारी बसले होते. दुकानासमोर त्याने गाडी कडेला लावली. गाडीतून उतरताना दार जवळच्या हाताने उघडायचे नाही, पलीकडच्या हाताने उघडायचे, असे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवते. तसे केले की खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारा दिसतो. त्या दिवशी माझ्या धाकट्या भावाने जवळच्या हाताने दार उघडले. दुसऱ्या हातात माझा तुटलेला चष्मा होता. तो वाचायचा आहे. लांबचे मला स्वच्छ दिसते.

मागून एक बाई सायकलवर येत होत्या. दार चुकवायला त्या एकदम रस्त्याच्या मध्ये वळल्या आणि टेंपोचा त्यांना धक्का लागला. भावाने दार लगेच ओढून घेतले. लोक जमले तेव्हा ते बंद होते.

टेंपोवाले फुटपाथवर बसून "माझंच चुकलं, ब्रेक उशिरा दाबला" असे येईल त्याला सांगत होते. भावाने त्यांना पाणी दिले. "होतं असं, दादा. मुद्दाम कोण करतं?" असे म्हणाला. मी जवळच उभी होते. पोलिसांनी मला काही विचारले नाही. मीही सांगितले नाही.

टेंपोवाल्यांना अटक झाल्याचे काल समजले. जेवताना मी ठाण्यात जाणार असल्याचे घरात सांगितले. भावजय म्हणाली, "वन्सं, तो माणूस स्वतः चूक कबूल करतोय. तुमच्या पोटात का दुखतंय?" मी म्हणाले, "त्याला दार दिसलंच नाही, म्हणून करतोय."

भाऊ म्हणाला, "शाळेला कळलं तर बस जाईल माझी. तूच चढवलंस, आता तूच उतरव." थोड्या वेळाने त्याने विचारले, "त्या बाई कशा आहेत?" मी दवाखान्यात जाऊन आले होते. पाय मोडलाय, बोलतात, असे सांगितले.

"मला बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

सोबत चल, असे मी त्याला म्हटले होते. आज सकाळी तो नेहमीप्रमाणे बसवर गेला. मी त्याला फोन केला, त्याने उचलला नाही. म्हणून एकटी आले.

विचारल्यावरून सांगते की, भावाशी माझे भांडण किंवा घराच्या वाटणीचा वाद नाही. आई गेल्यापासून त्याला मीच वाढवले.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात दार "गाडीतील एका इसमाने" उघडले असे घेतले होते. लिहिणारे साहेब म्हणाले, "बाई, एवढ्यावरही भागेल." ते शब्द खोडून तेथे "माझ्या धाकट्या भावाने" असे लिहायला मी सांगितले. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे.