मांडवातली हिरवी इरकल

नवरीच्या डोक्यावर साडी पडली म्हणून आमची वहिनी भ्याली, आणि भ्याली म्हणून खचून गेली. त्या मास्तरच्या फुकट्या मांडवानं तिचा जीव घेतला. हे वाक्य बापूसाहेबांचं आहे. परवा त्यांच्या चुलत नातीच्या, राणीच्या लग्नाची बैठक बसली होती, पंचवीस माणसं होती, मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो होतो आणि माझ्या हातात त्यांच्याच घरचा चहा होता, तेव्हा माझ्याकडे न बघता त्यांनी ते उच्चारलं. तुम्ही लिहून घेणार आहात ना, मग हे आधी लिहा आणि शब्द बदलू नका, कारण मला त्यातला एकेक शब्द खोडायचा आहे. चौदा वर्षं मी गप्प होतो. गप्प बसलेल्या माणसाला लोक दोषी समजतात, हे मला चित्रकलेच्या वर्गात पोरांकडे बघूनच कळलं होतं, तरीही मी गप्प राहिलो, त्याला कारण होतं.

माझा जन्म बिद्रीच्या बाजूचा. वडील उसाच्या गाड्या भरत. तोडलेला ऊस मोळीत बांधायचा, मोळ्या गाडीवर रचायच्या, वरून दोर टाकून आवळायचा, आणि कारखान्याच्या वाटेवरच्या खड्ड्यांतून गाडी जाताना एक कांडकं खाली पडता कामा नये, हा त्यांचा अभिमान. गाठी मी त्यांच्याकडे शिकलो. निरगाठ कुठे मारायची आणि सुरगाठ कुठे, हे मला अक्षरओळखीच्या आधी येत होतं. निरगाठ धरून ठेवते, सुरगाठ एका झटक्यात सुटते. पण सुरगाठही आपणहून सुटत नाही, कोणीतरी टोक ओढावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शिकलो, चित्रकलेची परीक्षा दिली आणि पेठ वडगावला शाळेत लागलो. मांडवाचा नाद लागला तो आमच्या शाळेच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात, नव्वदच्या आसपास. त्याला मंडपवाल्याचं कापड परवडेना, तो म्हणाला, मास्तर, उघड्यावरच लावतो की लगीन, आभाळ हाय की वर. मी म्हटलं, थांब. त्याच्या भावकीतल्या बायकांना सांगितलं, प्रत्येकीनं आपली एक आवडती जुनी साडी द्यायची, आणलेली परत मिळेल. चाळीस साड्या आल्या. मी त्या काठाला काठ लावून बांबूंवर ताणल्या, आणि काय सांगू तुम्हाला, सकाळचं ऊन त्यातून खाली उतरलं तेव्हा शेणानं सारवलेल्या अंगणात पिवळे, जांभळे, डाळिंबी पट्टे पडले आणि तो शिपाई त्या रंगांत पाय ठेवायला भीत होता. बायका मान वर करून सांगू लागल्या, ती माझी, डोहाळजेवणाची, ती आमच्या सासूबाईंची. तेव्हापासून माझा नियम ठरला. प्रत्येक साडीला देणारणीच्या नावाची चिठ्ठी टाचायची, बांधण्याआधी धुऊन घ्यायची, टाचणी-खिळा लावायचा नाही, सगळं गाठींवर, आणि परत देताना घडीत चाफ्याचं एक फूल ठेवायचं.

याला बापूसाहेब फुकटा मांडव म्हणतात. फुकट काहीच नव्हतं, हो. कमान उसाची आणि केळीच्या खुंटांची, पण ती उभी करायला दोन दिवस लागत. नवरा-नवरीच्या मागची भिंत सुपांची. बुरुडआळीतून आणलेली सुपं, त्यांवर गेरू आणि चुन्यानं मी स्वतः काढलेली वेल. मडक्यांना भोकं पाडून त्यांत दिवे. पुढे पुढे शहरातली मंडळी वाढदिवसालाही बोलवू लागली. एका डॉक्टरांच्या मुलाला जंगल हवं होतं, तर गोणपाट, उसाचे वाढे आणि वर्गातल्या पोरांनी रंगवलेली पुठ्ठ्याची जनावरं यांवर मी असं जंगल उभं केलं की वाढदिवसाचा मुलगाच वाघाला बघून आईच्या मागे लपला. आमच्याकडे थर्माकोलचे महाल करणारा विलास म्हणून एक डेकोरेटर होता, तो म्हणायचा, मास्तर, तुमचं काम म्हंजे रानातनं उचललं आन् मांडलं. मी त्याला सांगायचो, विलासराव, तुमचा महाल दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर दिसतो, माझा गुरं खातात. हसायचा बिचारा. पुढे त्यानंच माझ्या पाठीमागे भुताची गोष्ट पसरवली.

माझी सगळ्यात गाजलेली युक्ती म्हणजे फुलांची झोळी. वधूवरांच्या बरोबर डोक्यावर, मांडवाच्या आढ्याला, मलमलीच्या कापडात पाकळ्या भरून झोळी बांधायची, दोन टोकांना निरगाठ, दोन टोकांना सुरगाठ, सुरगाठीची दोरी खांबावरून खाली आणायची, आणि शेवटच्या सावधानला ती ओढायची. कापड वरच लोंबतं, फुलं खाली येतात. दोरी मी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही.

आता त्या लग्नाकडे येतो. घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. बापूसाहेबांच्या थोरल्या भावाचं कुटुंब. भाऊ आधीच वारलेले, कारभार त्यांच्या पत्नीच्या, अक्काताईंच्या हाती. त्यांच्या मुलाची पहिली बायको मंगल, शिरोळकडची. सहा वर्षांची राणी मागे ठेवून ती गेली. ताप होता, अंगावर काढला, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. उशीर का झाला, हे त्या घराला ठाऊक. मी फक्त एवढं ऐकलं होतं की नाटकं करती असं कोणीतरी आठ दिवस म्हणत होतं. वर्षाच्या आत दुसरं लग्न ठरलं. अक्काताई मला म्हणाल्या, दुसरेपणाचं हाय, गाजावाजा नको, तुमचा त्यो साड्यांचा मांडव बांधा म्हंजे झालं. आणि आणखी एक म्हणाल्या. पहिलीचं कायसुद्धा निघाय नको मांडवात.

तुम्ही तरुण आहात, तुम्हाला माहीत नसेल. आमच्याकडे पहिली गेलेली असली की दुसरीच्या लग्नात तिचा मान असतो. तिच्या नावाची साडी-चोळी काढून ठेवतात, तिचा चांदीचा टाक करून नव्या नवरीच्या गळ्यात घालतात; ती थोरली, ही धाकटी. इथे यातलं काही होणार नव्हतं. भिंतीवरचा फोटो उतरवला होता, तिथे चौकोनी पांढरा डाग राहिला होता, आणि मंगलच्या सगळ्या साड्या बोहारणीला देऊन स्टीलचे डबे घेतले होते. ते डबे मी मांडणीवर पाहिले.

नवरी सुनंदा, माझीच विद्यार्थिनी. वर्गात ती गप्प असायची, पण रेघ ठाम मारायची. लग्नाच्या तीन दिवस आधी दुपारच्या सुट्टीत शाळेत आली, पिशवीतून हिरवी इरकल काढली, लाल काठ, पदराला एके ठिकाणी रफू. म्हणाली, सर, ही माझ्या डोईवर बांधा. मी विचारलं, कुणाची? ती म्हणाली, थोरलीची. मी एकटी शिरोळला गेलतो सर, तिच्या आईकडं. म्हातारीनं आधी दारातनं हाकललं, मला म्हणाली, माझ्या लेकीच्या जाग्यावर बसणार आन् माझ्याच दारात? मी म्हटलं, बसणार हाय म्हणूनच इचारायला आलोय. मग आत घेतलं. तिची एवढीच एक साडी ऱ्हायलीया म्हणाली.

मी म्हटलं, अगं, सासरी कळलं तर? कळू दे की. मग गुपचूप कशाला? आत्ता कळलं तर बांधू देणार न्हाईत सर, मागनं कळलं तर सोडवू शकणार न्हाईत. आणि मग ती म्हणाली, नुसती वर नको. फुलांच्या झोळीत घाला, आन् फुलांसंगं तीपण खाली येऊ दे. तिचा पदर माझ्या डोईवर यायला पायजे, समद्यांसमोर. एकदा आला की टाक करावाच लागंल, राणीच्या आईचं नाव त्या घरात घ्यावंच लागंल. पर हे कुणाला सांगू नका सर, त्या घरात मला नांदायचंय.

मी शब्द दिला. साडी धुतली, तिच्यावरही चिठ्ठी टाचली, नियम तो नियम, चिठ्ठीवर सुनंदानं स्वतःच्या हातानं लिहिलं, मंगल, माझी थोरली. मग झोळी बांधली. खाली पांढरी मलमल दुहेरी, तिच्यात इरकलीची घडी, घडीत पाकळ्या. आता नीट ऐका, कारण इथेच सगळे चुकतात. खालून बघणाऱ्याला पांढऱ्या कापडाशिवाय काही दिसत नव्हतं. हिरवा दोरा दिसत नव्हता, लाल काठ दिसत नव्हता. मी खाली चटईवर निजून तपासलं होतं.

गोरज मुहूर्त. ऊन तिरपं, साड्यांचे रंग लोकांच्या तोंडांवर. मी डाव्या खांबाशी दोरी धरून उभा. अक्काताई पहिल्या रांगेत, हातात अक्षता. शेवटचं मंगलाष्टक झालं, झोळी सुटली, पाकळ्यांबरोबर ती हिरवी इरकल उलगडत खाली आली आणि सुनंदाच्या डोक्यावर, खांद्यांवर अशी बसली की कोणी हातानं पांघरली असावी. वाजंत्री थांबली. त्या शांततेत राणी मोठ्यानं म्हणाली, आईची साडी. सुनंदानं पदर सावरला, पोरीला जवळ ओढलं, आणि खणखणीत सांगितलं, व्हय, थोरली आली आशीर्वादाला. अक्काताई मटकन खाली बसल्या होत्या, अक्षता मुठीत तशाच.

टाक झाला. फोटो भिंतीवर परत लागला. राणीला सुनंदानं पोटच्या पोरीसारखं वाढवलं, हे बापूसाहेबही नाकारत नाहीत. पण अक्काताई त्या दिवसापासून बदलल्या. कुठल्याही मांडवाखाली गेल्या नाहीत. घरात बसल्या तरी आढ्याकडे बघत. जेवताना मध्येच ताट सरकवून वर बघत, म्हणे. काही वर्षांनी वारल्या.

मग गोष्टी सुरू झाल्या. विलास म्हणाला, मास्तरनं बोहारणीकडनं मेलेलीची साडी स्वस्तात उचलली, भूत त्यातनं आलं. खोटं, चिठ्ठी माझ्या ट्रंकेत आहे, अक्षर सुनंदाचं. दुसरा म्हणाला, वाऱ्यानं पडली. खोटं, त्या संध्याकाळी पान हलत नव्हतं, भटजींच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं होतं. बापूसाहेब म्हणाले, गाठ कच्ची होती. हे मला सगळ्यात लागलं. माझ्या बापाच्या गाडीवरून कांडकं पडलं नाही, आणि माझी गाठ सुटेल? बायका साड्या देईनात. मी वाढदिवसांची जंगलं करत राहिलो.

भूत मी मानत नाही, हे स्पष्ट लिहा. पण एक सांगतो. चौदा वर्षं मी कुठल्याही मांडवात शिरलो की पहिल्या रांगेत ती बाई बसलेली दिसते, मूठ मिटलेली. उजव्या तळव्यात दोरी सरकल्यासारखी वाटते, पोळल्यासारखी. आमच्या घरात एकेकदा मी ताट पुढे असताना वर बघतो आणि बायको म्हणते, अवो, काय हाय तिथं? काही नाही, मी म्हणतो. मी स्वतःलाच किती वेळा विचारलं असेल, की बापूसाहेब खरं तर बोलत नसतील? एका म्हातारीला मीच तर मारलं नाही?

परवाच्या त्या बैठकीत ते वाक्य झालं आणि बापूसाहेब म्हणाले, राणीच्या मांडवाला ह्या मास्तरला हात लावू द्यायचा न्हाई. तेव्हा स्वयंपाकघरातून सुनंदा बाहेर आली, पदरानं हात पुसत. म्हणाली, सर, आता बोला. माझ्यासाठी गप्प ऱ्हायलासा, आता नको. आन् मांडव तुमचाच. राणी तिच्या मागे उभी होती, हातात ती हिरवी इरकल. मी उठलो, कप खुर्चीवर ठेवला, म्हटलं, लिहूनच देतो. घरी आलो. म्हणून तुम्हाला बोलावलं. साड्या यायला लागल्यात, ओसरीवर बघितल्याच असतील, धुऊन वाळत घातलेल्या. पोरीचं भलं होवो. मांडव बांधून झाला की माझे हात मोकळे.

आता बापूसाहेबांच्या वाक्याचं उत्तर लिहा. गाठ सुटली नव्हती. वारा नव्हता. दोरी मी ओढली, या उजव्या हातानं, ठरवून, आणि ते मी आज पहिल्यांदा कबूल करतो. पण क्रम असा आहे. शेवटचं सावधान झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, अक्काताईंनी टाकल्या नाहीत. त्यांनी मान वर केली, त्या पांढऱ्या मलमलीकडे पाहिलं, आणि हळू, माहेराहून परतलेल्या सुनेला विचारावं तसं विचारलं, आलीस व्हय गं मंगल? मी तीन हातांवर उभा होतो, मी ऐकलं. त्या वेळी दोरी माझ्या हातात होती, आणि मी ती अजून ओढलेली नव्हती.