सगळ्याला हो

—तसं नसतं हो ते! ‘सगळ्याला हो’ म्हणजे दुरुस्ती नसते. बसा, त्या स्टुलावर बसा, आणि माउसला हात लावू नका. डिस्क तपासणारा प्रोग्रॅम असतो ना, तो बिचारा एकेक गोष्ट विचारत असतो — ही फाइल अर्धवट आहे, छाटू का? हिचं नावच सापडत नाही, बाजूला काढून ठेवू का? हा तुकडा दोन फायली आपलाच म्हणतायत, कुणाला देऊ? — तो विचारतो का? कारण त्याला माहीत नसतं! त्याला काय ठाऊक तुम्ही कृत्रिम पाय बनवता की लोणच्याच्या बरण्या! आणि इथे कुणी महाभागाने त्याला आधीच बजावून ठेवलं — मला विचारू नकोस, जे काय असेल त्याला हो. झालं. तो सुटला. छाटत गेला, उचलत गेला, फेकत गेला. आणि तुम्ही मला विचारताय, ‘दुरुस्त झाल्यावर बिघडलं कसं?’ दुरुस्त झालं म्हणूनच बिघडलं, साहेब.

आणि त्याआधीचं तर बोलायलाच नको. हे बघा, इकडे वळा, दिसतंय ना? ही ओळ. मशीन चालू होताना कुठली डिस्क तपासायची, ते इथे सांगतात. शेवटचा आकडा बघायचा. एक असला तर हिला सगळ्यांच्या आधी तपास. दोन असला तर तिच्यानंतर तपास. आणि पायांची मापं नि आकार साठवलेल्या तुमच्या या डिस्कपुढे काय आहे? शून्य. शून्य म्हणजे काय? — म्हणजे बघूच नकोस. वर्षभर कुणी ढुंकून बघितलं नाही हिच्याकडे! आणि तुम्हीच सांगितलंत, घासायचं मशीन लावलं की कारखान्याचे दिवे जातात — म्हणजे दर वेळी ही डिस्क लिहिता लिहिता तोंडावर पडलेली. पडली, उठली, पुन्हा कामाला. विचारपूस नाही. का? तर म्हणे चालू व्हायला वेळ लागतो! सगळ्यांना घाई. घाई कसली असते हो लोकांना? पाय घालून पळायचंय तुमच्या पेशंटना, मशीनला नाही.

चहा घ्या, गार होतोय. — नाही, मूळ डिस्कला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. ती त्या कपाटात आहे, कुलपात. तिची आधी प्रत काढली, आणि जे काय करतेय ते प्रतीवर. आणि प्रतीवरही पहिल्यांदा नुसती तपासणी लावली — दोष दाखव, पण काही करू नकोस. हे पहिलं पाऊल. शिकवलं होतं मी. हातात हात धरून शिकवलं होतं.

कुणाला म्हणजे? — मशीनच्या मागे स्टिकर आहे ना, पुलापलीकडच्या दुकानाचं. दिसलं मला. तुम्ही आत आलात आणि पेटी टेबलावर ठेवलीत तेव्हाच दिसलं. त्यानेच बसवून दिलंय ना हे सगळं? वाटलंच. ही ओळीची मांडणी, हे दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडणं — दुरून ओळखते मी. भाऊ आहे माझा. सख्खा, धाकटा. हो, हसू नका, एकाच आईची आहोत. याच टेबलावर बसायचा, तुम्ही बसलाय त्याच स्टुलावर. आणि काय शिकला? हे. शून्य शिकला.

मी म्हणजे वाईट, असं सांगत असेल तो. सांगत नाही? मग नवलच. अहो, एक बाई आल्या होत्या डिस्क घेऊन, मुलाच्या लहानपणाचे फोटो होते, आणि हा तपासणीला बसला. प्रोग्रॅम विचारतोय, आणि हा मला विचारतोय — ताई, याला हो म्हणू? ताई, याला? ताई, हे बघ ना. दर प्रश्नाला ताई! दुकानात माणसं उभी, माझ्या हातात दुसरं काम. म्हटलं, त्या डिस्कचं राहू दे, आधी तुझं डोकं एकदा तपासून घे, त्यातच काही सापडत नाहीये. — आता यात काय चुकीचं होतं? लोक हसले. लोक हसतात, त्याला मी काय करू? तो उठला, पिशवी खांद्याला लावली आणि गेला. जेवणाचा डबासुद्धा इथेच टाकून गेला. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत येईल. नाही आला तर नाही आला. लग्न केलं, मला फोन केला, मी उचलला नाही — कामात होते मी. कामात असतं माणूस. मुलगी झाली त्याला. चष्मा लागलाय तिला, एवढ्याशा पोरीला, लाल काड्यांचा, आणि सारखा नाकावरून घसरत असतो. घट्ट करून आणायला काय होतं त्याला? — नाही, भेटले नाही. रस्त्यावरून दिसतं की येता जाता. मला काय करायचंय.

ते जाऊ दे. तुमचे पाय बघा. सापडलेत, पण कसे सापडलेत? ज्यांची नावं गेली ते सगळे प्रोग्रॅमने उचलून एका पेटीत टाकलेत, आणि नावाच्या जागी नुसते आकडे चिकटवलेत. म्हणजे पाय आहेत, पण कुणाचा कुठला, राम जाणे. तुमची ती छोटी पेशंट, जिच्यासाठी धावत आलात, त्या मुलीचा पाय यातच असायला हवा. परत माप घ्यायचं तर तिला एवढ्या लांबून बोलवा, आणि इतक्या वेळा घालून, घासून, पुन्हा घालून जो आकार तुम्ही जमवलात तो कुठून आणणार? जुना पाय आता टोचतो म्हणता, शाळेत जात नाही म्हणता. बघू. मी एकेक उघडते, तुम्ही बघत राहा. हा? — नाही, हा मोठ्या माणसाचा दिसतोय. हा अर्धाच आहे, हा छाटला त्या ‘हो’ने, गेला हा. कुणाचा होता देव जाणे. पोस्टमनचा? अरेरे. पण तो गावातलाच आहे ना, पुन्हा माप घेता येईल. हा? हा तर कोपरासारखा — बरं, बरं, तुम्हाला कळतं, मला नाही. हा?

काय झालं? हाच? नक्की? — ही खोलगट जागा बघून? तिथे हाड बाहेर येतं तिचं. अच्छा. हो, मऊ केलंय तिथे, दिसतंय. सगळा आहे का? फिरवते, नीट बघा, मग सांगा. घाई करू नका. — सगळा आहे. चला. रडताय काय, अहो, मोठे आहात! तो रुमाल नको, त्याला तेल लागलंय. हा घ्या.

आता मी काय करते ते ऐका. त्या पुलापलीकडच्या शहाण्याला तुम्ही जाऊन सांगा, नाहीतर मीच सांगते, फोन लावते आत्ताच्या आत्ता, की बाबा रे, दुकान बंद कर आणि भाजी वीक. लोकांचे पाय शून्यावर ठेवतोस आणि वर सगळ्याला हो म्हणतोस — लाज नाही वाटत? इतकी वर्षं शिकवलं त्याचं हे — का? का नको लावू फोन? घाबरता काय त्याला? तोंड का पाडलंत?

कुणी केलं?

तुम्ही?

थांबा. नीट सांगा. त्याने बसवून दिलं तेव्हा शून्य नव्हतं? दोन होतं. आणि साधासुधा दोष असला तर आपोआप दुरुस्त, पण जरा शंका आली की थांबायचं, पडद्यावर सूचना — कशालाही हात लावू नका, मला बोलवा. अशी सूचना होती. आणि एका सकाळी पेशंट बसलेले असताना ती आली, आणि तुम्ही त्याला न बोलावता नेटवर वाचून — शून्य केलंत. आणि परवा डिस्क उघडेना तेव्हा पुन्हा नेटवरच वाचून, सगळ्याला हो. बरं. म्हणजे त्याने हात लावलाच नाही. आणि मी मघापासून... मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीत तुम्ही? तासभर मी त्याला शिव्या घालतेय आणि तुम्ही चहा पिताय!

त्याच्याकडे नेलं होतंत आधी? मग त्याने का नाही केलं? येतं त्याला. हे एवढं येतं त्याला, मी शिकवलंय. — प्रत काढून बघितलं त्याने? आणि मिटून ठेवलं? काय म्हणाला? जसं म्हणाला तसं सांगा, तुमच्या पदरचं घालू नका.

‘मी केलं तर एखाद्या ठिकाणी चुकेन. लहान मुलीचं काम आहे. ताईकडे न्या. ती बोलेल खूप, पण तुम्ही ऐकून घ्या.’

असं म्हणाला. ताईकडे, असंच म्हणाला?

हं.

—नाही, काही झालं नाही. मुलीचा पाय या छोट्या डिस्कवर घातलाय, हा घेऊन जा आणि कामाला लागा. बाकीचे मी बघते, एकेक विचारून. मशीन इथेच राहू दे. पैशांचं मग बघू, म्हटलं ना मग! छत्री तुमचीच ना ती? उचला. आणि उठा आता, मला दुकान बंद करायचंय, पुलापलीकडे काम आहे.

हो, भर दुपारी. माझं दुकान आहे.